पाच वाजून दहा मिनिटं
जास्वंदीच्या तेलाचा वास आला की मला बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचं फाटक आठवतं. घटस्फोटात मुलीचा ताबा मला मिळाला होता आणि तिच्या वडिलांना फक्त रविवारी, दहा ते पाच, तिला नेण्याची परवानगी होती. त्या रविवारी मी घड्याळ बघत फाटकातच उभी होते. पाच वाजून दहा मिनिटांनी दोघं रिक्षातून उतरली. "कोर्टाने पाच सांगितलेत. आपल्याला घड्याळ कळतं ना?" मी विचारलं. "अगं, वेणी घालत होतो तिची. तीनदा सुटली," तो म्हणाला. सात वर्षांच्या पोरीने लगेच पाठ वळवून ती वाकडीतिकडी, तेलाने थबथबलेली वेणी मला कौतुकाने दाखवली. मी रिबन ओढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत अख्खी वेणी सोडून टाकली. "पुढच्या वेळी असल्या कामात वेळ घालवू नका." मुलगी रडली नाही. तिने फक्त माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता ती वाघोलीत राहते, रविवारी मला भेटायला येते, आणि कपात अर्धा चहा असला तरी पर्स उचलून उभी राहते. "आई, पाच वाजले."