किद्रोन नाल्यापर्यंतची लाईन

शांतवन मास्तरांनी मला शाळेत ओढून नेलं नसतं, तर मीही वडिलांसारखी लोकांची गुरंच राखली असती. आज माझ्या नावापुढे बी.ए. लागतं आणि पेन्शनच्या कागदावर मी इंग्रजीत सही करतो. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं. त्याचं सगळं देणं मास्तरांचं आहे, म्हणून ही आठवण त्यांच्यापासूनच सुरू करतो.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले. मी पलटणीत नाईक होतो. बुलढाणा जिल्ह्यात भरतीसाठी एक पार्टी पाठवली, तिचा कमांडर मी. हाताखाली पाच जवान. बाजारात लोकांना दाखवायला फील्ड टेलिफोनचे दोन संच आणि वायरचं रीळ. सकाळी पी.टी., नंतर कुठल्यातरी गावचा बाजार, असा आमचा कार्यक्रम होता. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आम्ही चिखलीजवळच्या माझ्या गावी पोहोचलो. शिपाई किसन त्याच गावचा. सहा फूट उंच. आवाज असा की परेडवर त्यानं हुकूम दिला तर शेजारची कंपनीही वळायची.

मास्तर मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते. मला म्हणाले, "तुझी फौज एका दिवसासाठी मला दे."

शाळेचे वरचे दोन वर्ग बंद करायचं मिशनच्या मनात होतं. ते बंद झाले असते, तर माझ्यासारख्या पोरांचं शिक्षण चौथीतच संपलं असतं. पाहणीला मिशनचे साहेब येणार होते. त्यांच्यासाठी मास्तरांनी योशीया राजाचं नाटक बसवलं होतं. योशीया हा बायबलातला फार जुना राजा. त्याचे लोक देवाला विसरून वासरांच्या मूर्ती पूजू लागले होते. मंदिराची डागडुजी करताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. तो ऐकून राजा दुःखानं अंगावरचे कपडे फाडतो, मूर्ती फोडतो आणि धर्म सुधारतो. राजा व्हायला गावात कोणी तयार नव्हतं. किसन तयार झाला, कारण मी तसा हुकूम दिला.

पण किसनला संवाद पाठ होईनात. मग मी टेलिफोनची लाईन टाकली. एक संच सिंहासनाखाली, एक पडद्यामागे माझ्याजवळ. राजाच्या कानाला रिसीव्हर बांधला आणि वरून फेटा गुंडाळला.

चार वाजता शाळेच्या ओट्यावर नाटक सुरू झालं. साहेब खुर्चीत, गाव जमिनीवर. ग्रंथ सापडेपर्यंत सगळं ठीक होतं. राजाचा अंगरखा गफूरभाई शिंप्यांनी शिवला होता. फाडायचा आहे, शिवण कच्ची टाका, असं मास्तरांनी त्यांना बजावलं होतं. किसननं अंगरखा ओढला. शिवण हलेना. पुन्हा ओढला.

"मजबूत हाय ना?" गफूरभाई खालून म्हणाले. "राजाले कच्ची शिवण टाकली त माह्याकडं कोण येईन?"

राजानं शेवटी खिसा फाडला. नाटक पुढे सरकलं.

मग मूर्ती आल्या. मास्तरांनी कुंभाराला वासरं सांगितली होती. त्यानं घरात उरलेले पोळ्याचे दोन मातीचे बैल दिले होते. शिंगांना बेगड, पाठीवर रंगीत झूल. नाटक सुरू व्हायच्या आत गावच्या बायांनी त्यांना हळदकुंकू लावून पुढे चण्याची डाळही ठेवली होती. किसननं काठी उगारली आणि तो तसाच उभा राहिला.

"हॅलो, राजा. मार काठी," मी लाईनवर सांगितलं.

"नाही जमत, उस्ताद."

"काऊन?"

"माय समोर बसून राह्यली. तिनंच कुंकू लावलं त्यायले."

"हुकूम आहे."

"तुमचा हुकूम पलटणीत. इथं माय हाय."

हे सगळं किसनच्या आवाजात, म्हणजे साऱ्या गावानं ऐकलं.

"अबे राजा, कोणासंग बोलून राह्यला?" मागून कोणीतरी विचारलं.

"मारून त पाह्य बे," एक म्हातारा उठून म्हणाला.

मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. बैल फुटले, तर उद्या अर्धं गाव शाळेतून मुलं काढणार होतं. न फुटले, तर साहेबांनी पेन्सिल काढलीच होती. मास्तर माझ्याशेजारी उभे होते.

किसनची माय उठली. "किसन्या, पोळ्याचा बैल फोडतात का रे? नाल्यात नेऊन सोडतात. पलटणीत जाऊन इतकंबी इसरला?"

रिसीव्हरमध्ये किसनचा आवाज आला. "उस्ताद, पुस्तकात नाला हाय का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं बायबल उघडलं, बोट फिरवलं. "आहे. वेद्यांचा चुराडा राजानं किद्रोन ओहोळात टाकला."

"नाला आहे," मी कळवलं. "नाव किद्रोन."

"मंग झालं." आणि राजा गरजला, "फौज, सावधान! मूर्ती उचल! किद्रोन नाल्याकडे, क्विक मार्च!"

चार जवानांनी बैल उचलले. राजा मागोमाग निघाला. कानाला रिसीव्हर बांधलेला, त्यामुळे सिंहासनाखालचा संच काखेत मारून निघाला. मी पडद्यामागून रीळ सोडत राहिलो. गाव उठलं. कोणी डफडं आणलं, कोणी गुलाल. साहेबही निघाले, कारण पाहायचं काही ओट्यावर उरलंच नव्हतं. वायर संपत आली तेव्हा माझी घंटी वाजली.

"हॅलो, राजा बोलतो. नाल्यावर पोचलो. दोन्ही बैल पाण्यात. लाईन चालू."

साहेब परतले तेव्हा त्यांच्या टोपीवर गुलाल होता. त्यांनी मास्तरांचं बायबल मागून घेतलं आणि तो अध्याय उभ्यानंच वाचला.

"नाला आहे," ते म्हणाले. "गुलाल कुठे लिहिला आहे?"

"लिहिलेला नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "मनाईही लिहिलेली नाही."

साहेबांनी टोपी झटकली. दोन्ही वर्ग राहिले.

किसन त्या दिवसापासून टेलिफोनवर स्वतःचं नाव सांगेनासा झाला. "राजा बोलतो," एवढंच. पुढे ब्रह्मदेशात कंपनी कमांडरनं त्याबद्दल त्याला दोनदा दटावलं. उपयोग झाला नाही. तिथून मी मास्तरांना एक पत्र पाठवलं होतं. मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलीनं ते मला परत दिलं.

"आदरणीय मास्तर,

साष्टांग नमस्कार. किसनच्या घरी तार पोहोचली असेल. माय ती वाचून घ्यायला आपल्याकडेच येईल, म्हणून लिहितो. सेन्सॉर राहू देईल तेवढं तिला सांगावं. पहाटे पुढच्या चौकीची लाईन तुटली. मध्ये नाला होता. किसन वायर घेऊन गेला. काही वेळानं माझी घंटी वाजली. तो म्हणाला, 'हॅलो, राजा बोलतो. नाल्यावर पोचलो. लाईन चालू.' नंतर काही बोलला नाही. त्या लाईनमुळे चौकीतली माणसं परत आली.

पोळा जवळ आला आहे. कुंभाराकडून एक बैल घेऊन माझ्या वतीनं मायला द्यावा. पूजा झाल्यावर तिच्याबरोबर वरच्या वर्गांतली मुलं पाठवावीत. नाल्यावर तिला एकटीला जावं लागू नये.

आपला विद्यार्थी."