फिरकीशेठची हरकत

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान होतं, आणि दुकानदाराच्या तोंडाला काही कुलूप नव्हतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो अशी फिरकी घ्यायचा, की गिऱ्हाईक आरशात बघायचंच विसरायचं. गल्लीनं त्याचं नाव फिरकीशेठ पाडलं होतं.

आई लवकर गेली, त्याला वाढवलं थोरल्या वहिनीनं. पुढे भाऊही गेला. याचं लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात आता दीर-भावजय दोघंच. वहिनी संध्याकाळी "मंडळात जाऊन येते" म्हणून बाहेर पडायची. कसलं मंडळ, हे त्यानं कधी विचारलं नाही. वेळेवर जेवण मिळत होतं, मग विचारायचं कशाला?

दुकानासमोर नगरपालिकेचं जुनं गोदाम होतं. ते पाडून तिथे लोकांसाठी कलाघर बांधायचा प्रस्ताव आला. गल्लीत चुळबूळ सुरू झाली. गाड्या कुठे लावायच्या, ढोलकीचा दणदणाट कोण ऐकणार? हरकत घेऊन पालिकेच्या सुनावणीत बोलायचं कोणी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. "शेठ, तुमच्याशिवाय कोण!" म्हणत त्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तोही चढला.

पालिकेच्या सभागृहात बांधकाम समिती बसली होती. फिरकीशेठनं आधी गाड्यांचं नीट सांगितलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मागून कोणी तरी फिसकन हसलं आणि त्याच्या जिभेला खाज सुटली.

"अध्यक्षबाई, कलाघर कोणासाठी हो? ज्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या सरकल्या, त्या बायका तोंडाला रंग फासून नाचणार. त्यांना घरात कोणी बघत नाही, म्हणून आम्ही तिकीट काढून बघायचं!"

सभागृह हशानं दणाणलं. समितीतला एक जण तर टेबलावर डोकं टेकून हसला. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. "आता प्रस्तावाच्या बाजूनं. महिला नाट्यमंडळातर्फे कोण बोलतंय?"

मागच्या रांगेतून वहिनी उठली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. तो आ वासून बघत राहिला. ती क्षणभर उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला काही बोलायचं नाही." मग खाली बसली.

बाजूनं दुसरं कोणीच तयारीनं आलं नव्हतं. समितीनं प्रस्ताव परत पाठवला. गल्लीतल्या लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एकेक थाप त्याला चपराकीसारखी लागत होती.

घरी वहिनीनं रोजच्यासारखं ताट वाढलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

"वहिनी, तू त्यात आहेस हे मला माहीतच नव्हतं गं."

"माहीत असतं तर बोलला नसतास?"

"कसा बोललो असतो!"

"म्हणजे माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर चाललं असतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला बोलला असतास, तर तुझे कान पिळले असते आणि सोडून दिलं असतं. पण माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं नुसती मान खाली घातली रे. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की हा मी वाढवलेला आहे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं पालिकेत जाऊन हरकत मागे घेतली. फेरसुनावणी लागली, तेव्हा स्वतः उभा राहिला. त्यानं "अध्यक्षबाई" म्हणताच लोक हसले, आता शेठ काय सोडतात म्हणून. "हसू नका," तो म्हणाला. "गाड्यांची अडचण खरी आहे. बाकी जे बोललो, तो माझा नीचपणा होता." एवढंच बोलून तो खाली बसला. गल्लीतले लोक तोंड फिरवून निघून गेले. मागच्या बाजूला गाड्यांना जागा सोडायच्या अटीवर समितीनं कलाघर मंजूर केलं.

वहिनी त्या दिवशी गेली नव्हती. त्यानं सांगितल्यावर "चांगलं झालं" म्हणाली. पण मंडळात ती पुन्हा कधी गेली नाही. तो विनवायचा, हाता-पाया पडायचा. "राग नाही रे," ती म्हणायची, "पण उभी राहिले की ते हसणं कानात येतं. मग शब्दच आठवत नाहीत."

कलाघर उभं राहिलं. तालमीला येणाऱ्या बायका त्याच्याच दुकानात चष्मे करायला लागल्या. एकदा त्यांतली एक, जी सुनावणीला आलेली नव्हती, फ्रेम लावून बघता बघता म्हणाली, "तुमच्या वहिनी का येत नाहीत हो? म्हाताऱ्याचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही. त्या नुसत्या खोकल्या तरी आम्ही पोट धरून हसायचो."

आजवर तो "तब्येत बरी नसते" म्हणून वेळ मारून नेत आला होता. त्या दिवशी ते ओठांवर आलंच नाही.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "सुनावणीत तसं बोलणारा मीच."

बाईनं चष्मा काढून काचेवर ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "दुसरी फ्रेम दाखवा."

तो फळीकडे वळला. समोरच्या इतक्या फ्रेममधली नेमकी कोणती काढावी, हे त्याला सुचेना.