ते फडकं नव्हतं

“ते फडकं आहे ना तुझ्या पिशवीत, त्याने पूस पटकन.”

वहिनी म्हणाल्या. मला. भर स्टेडियममध्ये, हजारो माणसांत, मराठीत. आजूबाजूच्या गोऱ्या लोकांना एक अक्षर कळलं नाही. मला सगळं कळलं.

ते फडकं नव्हतं. पांढऱ्या चादरीचा तुकडा होता आणि त्यावर मी निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, परळ.

वहिनींच्या मुलाने संत्र्याचा ज्यूस सांडला होता. माझ्या खुर्चीवर. पुसायचं होतं ते मला बसता यावं म्हणून नव्हे. वहिनींची एक मैत्रीण पलीकडच्या ब्लॉकमधून गप्पा मारायला आली होती, तिला बसायचं होतं. मी कापड काढलं. अक्षरं आत जातील अशी घडी केली. गुडघ्यांवर बसले आणि माझीच जागा दुसऱ्या बाईसाठी पुसली. खाली फरशीवर ओघळ गेला होता. वहिनींनी बोट दाखवलं, “इथे पण.” मी तिथेही पुसलं.

मैत्रिणीने विचारलं, “ही कोण गं?”

“ही होय? आमच्याकडे असते मदतीला. परळची आहे. हिची आई पोळ्या करते, दादरला.”

मी इंग्लंडमध्ये शिकायला गेले होते. स्कॉलरशिपवर, मास्टर्सला. पण वहिनींच्या त्या वाक्यात माझ्या शिक्षणाला जागा नव्हती.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगते. कारण ती एका दिवसात आली नाही.

तिथल्या मराठी मंडळाने पाडव्याला विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं होतं. कार्यक्रम या वहिनींच्या घरी. दादा डॉक्टर, वहिनी बँकेत. मूळचे गिरगावचे. तीन पिढ्यांचं घर, आजोबा मोठे वकील, घरात इंग्रजी पुस्तकांची कपाटं. वहिनी स्वभावाने मोकळ्या. दारातच म्हणाल्या, “मॅडम-बिडम नाही हं, वहिनी म्हणायचं.” मला रडूच आलं. कित्येक महिन्यांत कुणी मराठीत ‘ये’ म्हटलं नव्हतं.

जेवणं झाली. बाकीची मुलं सोफ्यावर बसली, मोबाइल काढले. मी उठले. ओढणी कमरेला बांधली, ताटं गोळा केली आणि सिंकपाशी उभी राहिले.

आमच्या चाळीत हे असंच असतं. कुणाकडे गणपती असो, बारसं असो की तेरावं, बाई गेली की आधी पदर खोचते. कुणी सांगायची वाट बघत नाही. एखादी नवी सून नुसती बसून राहिली तर लगेच टोमणा येतो, “पाहुण्यासारखी काय बसलीस? हाताला मेंदी लागलीय काय?” परक्याच्या घरी बसायचं, आपल्या घरी उठायचं. एवढंच आम्हाला कळतं. मी त्या दिवशी भांडी घासली म्हणजे मनातल्या मनात त्यांना आपलं म्हटलं होतं. माझ्याकडे द्यायला दुसरं होतं तरी काय?

त्यांना ते तसं वाचता आलं नाही. कसं येणार? त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या उठणारी बाई एकच असते, कामाची.

भांडी पुसता पुसता वहिनींनी विचारलं, “परळ म्हणजे कुठे? त्या नव्या टॉवरमध्ये?”

“नाही, चाळीत. बाबा टॉवरमध्ये वॉचमन आहेत.”

“अच्छा. आणि आई?”

“दादरला पोळ्या करायला जाते.”

ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घरात पद्धत नाही. विचारलं, सांगितलं. वहिनी हसून म्हणाल्या, “अय्या, मग तुझ्या पण पोळ्या मस्त होत असतील!”

पुढच्या रविवारी फोन आला. ये जेवायला. गेले तर पोळपाट-लाटणं ओट्यावर काढूनच ठेवलेलं. मग दर रविवारी. पोळ्या झाल्या की मुलाला भरवायचं. मग दादांच्या आईंना, म्हणजे आजींना, बागेत फिरवून आणायचं. मला वाईट वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू? पिठाचा वास आला की आई आठवायची. आजी डोक्यावरून हात फिरवायच्या. रविवार संपला की हॉस्टेलची खोली खायला उठायची. मी त्यांच्या घराची वाट बघायचे. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आणि मग वर्ल्डकप आला. महिलांचा. भारताचा सामना आमच्याच शहरात. वहिनी म्हणाल्या, “तुझं पण तिकीट काढलंय हं. आम्ही चौघं आणि तू.”

आम्ही चौघं आणि तू. मी ते चार शब्द आईला फोनवर जसेच्या तसे सांगितले. आईने शेजारणीला हाक मारून मोठ्याने सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी. चाळीतली पहिली मुलगी, वर्ल्डकपला, तेसुद्धा लंडनबिंडनला. लंडन नव्हतं ते, पण चाळीसाठी इंग्लंड म्हणजे लंडनच. चाळीच्या मंडळातल्या पोरांनी पटांगणात पडदा लावायचं ठरवलं. कुणीतरी म्हणालं, एवढ्या गर्दीत ओळखायची कशी? म्हणून मी ते कापड केलं. हॉस्टेलच्या जुन्या चादरीतून फाडलं, रंगवलं, व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. आई म्हणाली, “ळ जरा मोठो कर गो. दिसाक व्हयो.” मी ळ मोठा केला.

सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या फाटकापाशी मी कापड उघडून वहिनींना दाखवलं. त्यांनी वाचलं.

“परळ? अगं, इंडिया लिहायचं ना. हे काय! आत ठेव, बरं नाही दिसत.”

मी आत ठेवलं. वाटलं, बसल्यावर काढू. पण बसायला मिळालं कुठे? सगळ्यांची जॅकेटं माझ्याकडे. डब्याची पिशवी माझ्याकडे. मुलाला भूक लागली, मी उठले. आजींना ऊन लागलं, मी टोपी आणायला गेले. आपल्या मुली मैदानात जीव तोडून धावत होत्या, वहिनी टाळ्या पिटत होत्या, “काय सुपर आहेत गं आजकालच्या मुली!” आणि मी पायऱ्या चढउतार करत होते. प्रत्येक वेळी मनाला सांगत होते, आता पुढच्या ओव्हरला कापड काढते.

मग ज्यूस सांडला. आणि कापड निघालं.

मी खाली वाकून फरशी पुसत असताना मैदानात विकेट पडली. स्टेडियम उसळलं. दादा, वहिनी, मैत्रीण, सगळे हात वर करून उभे; वहिनींचा एकच हात वर, दुसऱ्याचं बोट अजून माझ्याकडे, फरशीवर. नेमका त्या क्षणी कॅमेरा आमच्यावर आला. मला काही कळलं नाही. मी खाली होते.

खिशातला फोन थरथरायला लागला. चाळीचा ग्रुप.

‘दिसली रे दिसली!!!’

‘कुठे? कुठे?’

‘ती बघ, निळा शर्ट’

‘ती खाली काय करतेय?’

त्यानंतर मेसेज नव्हता. एकही नाही. आमचा ग्रुप म्हणजे सकाळच्या फुलांपासून पाणी गेल्याच्या बोंबेपर्यंत कधी गप्प न बसणारा. तो गप्प झाला. तेव्हा मला समजलं की सगळ्यांनी नीट पाहिलंय.

आईचा फोन आला. मी जिन्याखाली गेले.

“जेवलंस?”

“हो.”

“ती बाई कोण गो? तिणा तुका बोट कित्याक दाखवल्यान?”

“काही नाही गं आई. ज्यूस सांडला होता. मीच म्हटलं, पुसते.”

“माका सांगतंस? मी रोज पुसतंय गो. पुसताना माणूस कसा दिसता, माका म्हायत नाय?”

मी रडायला लागले. आई रडली नाही. तिने फोनही ठेवला नाही. मागे पडद्यावरची कॉमेंट्री ऐकू येत होती, पोरांचा आवाज मात्र येत नव्हता. ज्या बाईने पंचवीस वर्षं लोकांच्या ओट्याशी उभं राहून मला वर पाठवलं, तिने मला चाळीतल्या सगळ्या माणसांच्या शेजारी बसून गुडघ्यांवर पाहिलं होतं. माझं जे तुटलं ते तेव्हा तुटलं. वहिनींच्या बोलण्याने नाही.

शेवटी आई म्हणाली, “जा. तुझ्या जाग्यार जाऊन बस.”

मी वर गेले. माझ्या जागेवर मैत्रीण बसली होती. मांडीवर चिप्स.

मी म्हणाले, “ही माझी जागा आहे. उठा.”

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती हसली. वहिनी म्हणाल्या, “अगं, बसू दे ना त्यांना. तू असं कर, आईंना जरा वॉशरूमला घेऊन जा. कधीच्या म्हणतायत.”

“नाही नेणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही नेणार. तुम्ही सून आहात, दादा मुलगा आहेत. मी पाहुणी आहे.”

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या माउलीचा काय दोष होता? एरवी मी त्यांना हाताला धरून कुठेही नेलं असतं. त्यांचं मला अजून वाईट वाटतं. पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर पुन्हा उठले असते, म्हणून बघितलं नाही.

वहिनींचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र खालीच. चारचौघांत आवाज चढवायचा नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्या म्हणाल्या, “आम्ही तुला कधी काही करायला सांगितलं होतं? तूच उठायचीस. तूच पोळपाट ओढायचीस.”

खरं होतं. पोळपाट त्यांनीच काढून ठेवलेला असायचा, पण पहिल्यांदा उठले मीच होते, म्हणून तर जिव्हारी लागलं.

“हो, मीच उठायचे,” मी म्हटलं. “मला वाटायचं घर आहे.”

दादा मैदानाकडेच बघत म्हणाले, “जाऊ दे ना, मॅच बघा.” मैत्रीण पर्स सावरत उठली आणि निघून गेली. मी बसले. खुर्ची अजून चिकट होती. सामना संपेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. आपण जिंकलो. लोक नाचत होते, मलाही नाचायला हवं होतं, लहानपणापासून पटांगणात पोरांबरोबर क्रिकेट खेळलेली मुलगी मी. पण पाय उचलले नाहीत. वर्ल्डकप पुन्हा येईल. माझ्या लोकांनी मला शोधत डोळे फाडून पडद्याकडे बघितलं, ती संध्याकाळ पुन्हा येणार नाही. ती माझ्याकडून कुणी काढून घेतली याचा हिशेब कुठल्याच पंचाकडे नाही.

त्यांच्या गाडीतून गेले नाही. बसने हॉस्टेलवर आले. नंतर वहिनींचा मेसेज आला, ‘गैरसमज झाला असेल तर सॉरी हं.’ मी उत्तर दिलं नाही. गैरसमज झाला होता हे खरंच, पण तो माझा झाला होता, त्यांचा नाही. त्या पहिल्यापासून मला नीट ओळखून होत्या.

चाळीतल्या माणसांनी मला त्यावरून एक शब्द विचारला नाही. आजवर नाही. एरवी दुसऱ्याच्या डाळीत मीठ किती पडलं याची चौकशी करणारी माणसं. त्यांचं ते न विचारणं मला फार जड जातं.

आणखी एक गोष्ट मला पुढे शेजारणीकडून कळली. आईने दादरच्या तिच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, माझी मुलगी टीव्हीवर दिसणार. दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तेव्हा बाईंनी मायेने विचारलं, “काय, दिसली का लेक?” आईने परातीतलं पीठ मळता मळता सांगितलं, “नाय दिसली. गर्दी लय होती.”

माझ्या आईने मी दिसलेच नाही असं सांगितलं. माझी लाज वाटून नव्हे. मी जशी दिसले तशी मी त्या बाईंना दिसू नये म्हणून. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही.

आता मी काय करते ते सांगते.

चाळीत आले की उठते. शेजारणीच्या घरात न विचारता शिरते, तिची भांडी घासते, तिच्या नातवाचं नाक पुसते. ते माझं आहे, ते मी कुणासाठी सोडणार नाही. पण ज्या घरात माझं गाव विचारल्यावर पुढचा प्रश्न ‘टॉवर की चाळ’ असतो, त्या घरात मी आधी खुर्ची बघते आणि बसते. आई काय करते विचारलं तर स्पष्ट सांगते, पोळ्या करते. सांगून झालं की बसूनच राहते. समोर खरकटी ताटं पडलेली असतात, हात शिवशिवतात, पायात कळ येते, तरी बसते. माझं पान वाढलं जाईपर्यंत बसते आणि उचललं जाईपर्यंत बसते. माझ्या या बसण्याला कुणी माज म्हणतं, कुणी चाळीचे संस्कार म्हणतं.

म्हणू दे. मी उठणार नाही.