चालू राहिलेली टाच

तिचं नाव मी विचारलं नाही, पण तिची टाच मी कुठेही ओळखेन. दांडी गावात मैत्रिणीच्या भावाची हळद होती आणि डीजे म्हणून मी पहिल्यांदाच लोकांसमोर उभी होते. नवरदेवाच्या मित्रांना हवं म्हणून आर अँड बीचं एक इंग्रजी गाणं लावलं होतं. त्या संथ गाण्यातून हिपहॉपमध्ये जाणं घरी मला जमायचं. तिथे मात्र दोन्ही गाण्यांचे ठेके एकमेकांवर आदळले आणि नाचणारे थांबले. कुणीतरी ओरडलं, "ए, बंद कर ते!"

थांबली नाही ती एक बाई. साठीची, पदर कमरेला खोचलेला, गालांवर हळद. एक हात कमरेवर ठेवून, डोळे अर्धे मिटून ती आपली टाच आपटत राहिली, जणू बिघडलेलं गाणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी स्क्रीन सोडून त्या टाचेकडे बघितलं, पहिलं गाणं बंद केलं आणि दुसरं तिच्या ठेक्यावर सोडलं. मांडव पुन्हा नाचू लागला.

नंतर ती पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आली. मी विचारलं, "मावशी, मी चुकले ते तुम्हाला समजलं नाही का?"

"समजलं नाय कसं?" ती हसली. "पन मीच थांबले असते तर तू परत यायचीस कुटे, बाय?"

आताही कधी ठेका सुटतो. मग मी गर्दीत चालू असलेला एखादा पाय शोधते. अजून तरी दर वेळी सापडलाय.