चायनीज हॉटेलात जमलेली सोयरीक

आमचं लग्न आम्ही दोघांनी कधीच ठरवून टाकलं होतं, पण दोन्हीकडच्यांची गाठ काही पडत नव्हती. मी रामला शहरातली, तो अराद शहरातला. दोघंही ज्यू, पण माझे आईवडील ठाण्याहून इथे आलेले, त्याची आई मोरोक्कोहून. माझी आई म्हणायची, "मुलाकडच्यांनी आधी आपल्याकडे यायचं. आपल्यात तशीच रीत आहे." त्याच्या आईचा हट्ट वेगळा. "आधी त्यांनी माझ्या हातचा कुसकुस खायचा, मग बोलू."

शेवटी त्यानेच तोड काढली. "दोघींच्याही स्वयंपाकघरात नको. चायनीज खाऊ."

आम्ही दोघं तेल अवीवला नोकरी करत होतो. तिथे ऑफिसजवळ एक कोशेर, म्हणजे आमच्या धर्माला चालेल असं, चायनीज हॉटेल होतं. शुक्रवारी दुपारी तिथे डिमसम मिळायचं. सारण भरून वाफवलेले छोटे छोटे घास बांबूच्या टोपल्यांत घालून, ढकलगाडीवरून टेबलाटेबलाशी आणायचे. संध्याकाळी शबातची, म्हणजे आठवड्याची, सुट्टी लागायच्या आधी बाहेर जेवून घ्यायला निम्मं शहर तिथे लोटलेलं असायचं.

आम्ही सहा जण बसलो. आम्ही दोघं, माझे आईवडील, त्याची विधवा आई आणि लग्नाची बोलणी करायला आलेले त्याचे मामा. पप्पा फार खुशीत होते. "मुंबईला खूप चायनीज खाल्लंय मी," असं मराठीत मला आणि हिब्रूत सगळ्यांना सांगून त्यांनी चिकन स्वीट कॉर्न सूप मागवलं. तसलं काही इथे मिळत नाही म्हटल्यावर क्षणभर हिरमुसले आणि मग समोर येईल ते खात सुटले.

आई मात्र काहीच खाईना. टोपली आली की झाकण उचलून बघायची, हसायची आणि पुढे सरकवायची. ताटात काकडीच्या दोन चकत्या, हातात चहाचा कप. गोंगाट इतका की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं. त्याच्या आईची नजर सारखी त्या जवळजवळ रिकाम्या ताटावर जात होती. थोड्या वेळाने ती भावाशी मोरोक्कन अरबीत काहीतरी पुटपुटली आणि मामांनी हातातला काटा खाली ठेवला.

मी आईच्या कानाशी वाकले. "खा ना गं. त्यांना काय वाटेल?"

"खाऊ काय? यात मोठ्याचं आहे की कोंबडीचं ते तरी कळू दे. ती गाडीवरची पोरगी नुसतं 'बसार, बसार' करते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिब्रूत बसार म्हणजे मांस, आणि गाईच्या मांसालाही तेच म्हणतात. कोकणातल्या आमच्या ज्यू लोकांसारखंच आमच्या घरीही गाईचं मांस कधी शिजलं नव्हतं. इथे आल्यावर पप्पा सगळं खायला लागले, आई नाही.

मी त्याच्या आईला समजावून सांगितलं. तिने आईकडे बघत विचारलं,

"आजारी आहे का?"

"नाही."

"धर्मगुरूंनी मनाई केलीय?"

"नाही. आम्ही खात नाही, एवढंच."

तिने छातीवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला. "मला वाटलं, हिला माझा मुलगा पसंत नाही!"

ती तशीच उठली आणि गर्दीतून वाट काढत जाऊन तिने गाडीच धरली. गाडी ढकलणाऱ्या मुलीला मागे ठेवून ती स्वतःच गाडी ढकलत आमच्या टेबलाशी घेऊन आली. पहिल्या टोपलीतला एक घास काट्याने उघडला, हुंगला, मान हलवली आणि मामांच्या ताटात टाकला. मग दुसरा.

"बाई, असं फोडता येत नाही!" ती मुलगी कळवळली.

"फोडलेलं सगळं आम्हीच खाणार," त्याची आई मामांकडे बोट दाखवत म्हणाली.

मामांनी गाईच्या मांसाचे सगळे घास एकेक करून खाल्ले. चौथ्या की पाचव्या टोपलीत कोंबडी सापडली. तिने ती अख्खी टोपली आईसमोर ठेवली आणि आईचा पहिला घास पोटात जाईपर्यंत शेजारी उभी राहिली.

"तोव," आई म्हणाली. छान. आईचं हिब्रू भाजीबाजारापुरतंच, त्याच्या आईचंही फारसं बरं नव्हतं, पण त्या एका शब्दावर ती खुर्ची ओढून आईला चिकटून बसली. टोपली पुढे सरकवताना तिचा तळवा उलटा झाला आणि आईने तो पकडलाच. तळव्यावर फिकट नारिंगी डाग होता.

"मेंदी!" आई मराठीतच ओरडली.

"हेना," ती म्हणाली. भाचीच्या लग्नातली होती.

लग्नाआधी मेंदी त्यांच्यातही असते आणि आमच्यातही, हे त्या दोघींना तिथे कळलं. आम्हाला ते ठाऊक होतं, पण सांगायचं सुचलं नव्हतं. पुढचं सगळं दोघींनीच ठरवलं. मेंदी रामल्यात, लग्न अरादला. पप्पा आणि मामा नुसते माना डोलावत राहिले. हॉटेलवाल्याने पुसायला घेतलेलं शेवटचं टेबल आमचंच होतं.

मेंदीच्या दिवशी दोघींनी आपापली मेंदी भिजवून आणली. कोणाची लावायची यावर कोणीच मागे हटेना, म्हणून उजव्या हाताला सासूची लागली आणि डाव्याला आईची. सकाळी दोघी मला खिडकीशी उभी करून हात न्याहाळत होत्या. आई म्हणाली डावा जास्त रंगलाय, सासू म्हणाली उजवा. मी दोघींनाही हो म्हटलं.