कानसेनाच्या घरची चाल

कपडे शिवायच्या कारखान्यात साठ मशिनी आणि त्यांचा डॉक्टर एकच. कुठलीची सुई वाकलीय, कुठलीचा पट्टा सैल झालाय, हे तो दारात उभ्या उभ्या ऐकून सांगे. म्हणून त्याचं नाव पडलं कानसेन. रेडिओवर नवं गाणं लागलं की बायका ओरडत, "कानसेन, अस्सल की उचललेलं?"

तीनदा ऐकल्याशिवाय तो कुणाला चोर म्हणत नसे. ठेका सारखा असला तर माफ, ठेके जगात मोजकेच. मुखड्यातले चार सूर जुळले तर योगायोग. पण अंतरा संपवून मुखड्यावर परत यायची वाटसुद्धा तीच निघाली, की मग त्याच्याकडे दयामाया नाही. "उतारा आहे," एवढंच बोलून तो पाना उचले.

त्याचा स्वतःचा लाडका सिनेमा होता एका होडीवाल्याच्या बायकोचा. जेमतेम आठवडाभर चालला, तेवढ्यात यानं तो नऊदा पाहिला. शेवटी ती जाळं दुरुस्त करताना शब्दांशिवाय नुसतीच गुणगुणते, तेवढ्यासाठी. तो सिनेमा पाहिलेला दुसरा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता.

आज सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा मुलीनं आपली नवी चाल वाजवून दाखवली. स्पर्धेला पाठवायची होती, आज संध्याकाळी पाचच्या आत. महिनाभर ती त्या चालीमागे लागलेली. वस्तरा त्याच्या गालावरच थांबला.

"कशीय, बाबा?"

"छान," म्हणाला, आणि कानाखाली साबण तसाच ठेवून कामावर गेला.

पण हात चालेना. तीच मशीन त्याने तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मुकादमबाई म्हणाली, "अहो, ती बरी आहे. तुमचाच काहीतरी स्क्रू ढिला झालाय!"

बायका हसल्या. तो हसला नाही. परीक्षकांना कळणार नव्हतं, कुणालाच कळणार नव्हतं. पोरीला बक्षीस मिळालं असतं, चार लोकांत नाव झालं असतं. गप्प बसायला काय जात होतं? पण वरच्याने कानात बोळे घातलेले नाहीत, हे त्यानेच तिला शिकवलेलं. फाटकापर्यंत जाऊन तो दोनदा परत आला. जेवणाची सुट्टी झाली, तसा डबा न उघडताच घरी निघाला.

"अहो, आत्ता कसे?" बायकोनं विचारलं. तो थेट मुलीच्या खोलीत गेला.

"ती चाल पाठवू नकोस. माझ्या सिनेमातली आहे ती."

मुलगी ताडकन उठली. "तुम्हाला जिकडेतिकडे चोऱ्याच दिसतात! मी तो सिनेमा पाहिलेला तरी आहे का? माझी आहे ती चाल, बाबा. महिना घातलाय मी त्यात!"

त्याने वाद घातला नाही. तिची चाल जिथं संपत होती तिथून तो पुढं गुणगुणू लागला. एक ओळ झाली. दुसरीला मुलगीही नकळत त्याच्या बरोबरीनं गुणगुणू लागली, वळणंसुद्धा न चुकता. जे तिने कधी रचलंच नव्हतं ते तिला पाठ होतं. मधेच तिच्या ते लक्षात आलं, आणि ती थांबली.

"पाठ होणार नाही तर काय?" दारातून बायको म्हणाली. "ही रडायला लागली की खांद्यावर घेऊन तुम्ही हेच गुणगुणत फेऱ्या मारायचात. रोज, दोन वर्षं!"

मुलगी खाली बसली. आता आवाजात राग नव्हता. "मग माझं असं कुठलं, बाबा? आता जे सुचेल, ते तरी माझं कशावरून?"

जगातल्या निम्म्या गाण्यांचा निवाडा करून बसलेला तो माणूस कानाखालचा वाळलेला साबण खरवडू लागला.

"तुम्ही जा कामावर," ती म्हणाली. "समोर उभे राहिलात तर मला तेच ऐकू येत राहील."

तो खाली उतरला. वरच्या खिडकीतून चार-पाच सूर आले, तुटले, वेगळ्या वाटेनं पुन्हा आले. हे कशासारखं वाटतंय, हे त्याचं मन लगेच शोधायला लागलं. तसे त्याने भर रस्त्यात दोन्ही कानांवर घट्ट हात दाबले आणि झपाझपा कारखान्याची वाट धरली.