देवपूरची एक बादली, आमच्या चार

स्वस्ति श्री! कूपचिकित्साधुरंधर, ठरावमार्तंड, उपसमितिचूडामणी, वाचनालयाच्या तिपायी खुर्चीचे आजीव अधिपती, अर्थात मी, या फळ्याच्या समस्त वाचकांस आज सकाळचे वृत्त सादर करतो.

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीच्या भयाने आमची समिती धुळ्यास, देवपूरची विहीर पाहून आली होती. तेथे एकच बादली असते. एकच पाणक्या उपसतो आणि येईल त्याच्या भांड्यात ओततो. घरोघरची भांडी विहिरीत बुडत नाहीत. ही पद्धत जळगावी आणण्याचा ठराव मीच मांडला. तो एकमताने संमत झाला.

आज उद्घाटन होते. पाहतो तो विहिरीवर बादल्या चार! प्रत्येक समाजाने आपापली स्वतंत्र दिली होती. अध्यक्ष नानांनी चारही बादल्यांना हार घातले.

इतक्यात गावाबाहेरच्या वस्तीतली सखूबाई घागर घेऊन आली आणि दूर उभी राहिली. "नाना, घरमा मालकले उलट्या व्हई ऱ्हायन्यात. एक घागर पानी वता ना."

"बाई, तुमच्या वस्तीची बादली अजून मंजूर व्हायची आहे."

"देवपूरले मन्ही बहीणले त्याच बादलीनं पानी भेटस!"

नानांनी माझ्याकडे पाहिले. ठरावमार्तंडांनी हारांकडे पाहिले. सखूबाई रिकामी घागर घेऊन नाल्याकडे वळली.

वाचकहो, देवपूरहून आपण नेमके काय आणले?

आणि चारही दोर एकाच कप्पीत गुंतले असून माझे स्नान सकाळपासून खोळंबले आहे. कप्पी सोडवणे कोणत्या उपसमितीकडे येते?